फणसाची काठवट

आमच्या घरात दाराजवळच्या स्टुलावर एक काठवट आहे आणि तिच्यात चाव्या असतात. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडाची परात. पूर्वी कोकणातल्या प्रत्येक घरात असायची, आता स्टीलने तिला हुसकावलं. आमच्याकडे येणारे लोक चपला काढता काढता तिच्याकडे बघतात, काठावरच्या कमळाच्या पाकळ्यांवरून बोट फिरवतात आणि विचारतात, कुठून घेतली? मी सांगतो, घरीच केली. मग ते आणखी कौतुक करतात आणि मी त्यांना पाणी आणायच्या निमित्ताने आत जातो. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात सुबक वस्तू आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. पूर्वी ड्रॉइंग बोर्डवर काढायचो, आता कॉम्प्युटरवर काढतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या इमारती काढल्या, आणि त्यातल्या बहुतेक आमच्यासारख्यांच्या चाळी पाडून उभ्या राहिल्या. पुढे विकायचा उंच टॉवर, मागे मूळच्या भाडेकरूंची इमारत, आणि दोघांच्या मधे एक भिंत. ती भिंत मी इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही काढीन. आम्ही लालबागला तसल्याच मागच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. मी, बायको आणि माझे बाबा. मुलगी नोकरीला बंगलोरला. आई चाळ सोडली त्याच वर्षी गेली. नवीन घर तिने पाहिलंच नाही.

पन्नाशी उलटल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतं. कुणी ट्रेकिंगला जातो, कुणी गाणं शिकतो. मी टेबलावर मावणारा एक सीएनसी राऊटर घेतला. कॉम्प्युटरवर आकार काढून दिला की त्याचं फिरतं पातं लाकडात तो आकार केसभरही न चुकता कोरतं. नकाशे काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे मला ते आठवड्यात जमलं. बंद केलेल्या गॅलरीत मी ते बसवलं, भोवती ॲक्रिलिकची पेटी केली, तिला व्हॅक्यूम क्लीनर जोडला आणि रविवारी वाडगे करायला लागलो. रे रोडच्या वखारींतून शिसव आणि सागाचे तुकडे आणायचो. लाटांचे वाडगे, पानांचे वाडगे, वारुळासारखे थर असलेले वाडगे. फुशारकी म्हणा हवं तर, पण ते खरोखर देखणे होते. ऑफिसात एकाने विचारलं, हँडमेड आहे का? मी हो म्हटलं. त्या एका शब्दाची मला पुढे पुष्कळ लाज वाटायची होती, पण तेव्हा वाटली नाही.

कौतुक मला एकाच माणसाकडून हवं होतं आणि तो माणूस मिळेल तो वाडगा उपडा करून त्याचा तळ बघायचा.

बाबा गिरणीच्या सुतारखात्यात होते. मागांचे लाकडी भाग दुरुस्त करणं हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली तेव्हा इतरांचे हात रिकामे झाले, पण बाबांच्या हातात वाकस होता, पटाशी होती. त्यांनी लोकांच्या खिडक्या, देव्हारे, माळ्यावरचे जिने करून आम्हाला वाढवलं. वाकस म्हणजे आडव्या पात्याची छोटी कुऱ्हाड. लाकूड पायात धरून, अंगाकडे घाव घालत ते तासायचं. गावाहून फणसाचा ओंडका आला की बाबा त्यातून काठवट काढायचे. चाळीतल्या निम्म्या घरांत त्यांची काठवट होती. आईची तर होतीच. चाळ रिकामी करताना टेम्पोवाल्याने तिच्यावर कपाट ठेवलं आणि ती मधोमध उलली.

बाबा तेव्हा आईला म्हणाले की दुसरी करतो. गावाहून ओंडकाही मागवला. बाहेरून गोल तासून झाला आणि आई गेली. तो अर्धवट गोळा पोत्यात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या कॉटखाली सरकवला आणि परत कधी त्याचं नाव काढलं नाही. पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. तरीही एकदा स्वयंपाकघरातली फळी नीट करायला गेले आणि पटाशी अंगठ्यात घुसली. टाके पडले. त्या दिवशी मी त्यांची सगळी हत्यारं एका जुन्या बॅगेत भरून माळ्यावर टाकली. बायकोने आणि मी मिळून त्यांना बजावलं की आता हत्याराला हात लावायचा नाही. ते काही बोलले नाहीत. आम्ही ते कबूल धरलं.

माझे वाडगे मात्र मी त्यांना आवर्जून दाखवायचो. ते उपडा करायचे, बोटाच्या पेराने तळावर टकटक करायचे, परत सुलटा करून ठेवायचे. एकदा त्यांनी विचारलं की ह्यात ठेवायचं काय. मी म्हटलं, काहीही, चाव्या ठेवा. एवढं लाकूड चाव्यांसाठी, असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

गेल्याच्या आदल्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते आणि त्यासाठी मी माळ्यावरची बॅग काढून दिली. बाबांनी वाकस, पटाश्या, रंधा, करवत असं सगळं पुसून पाटावर मांडलं, एकेकाला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मीही आदल्या दिवशी मशीन झाडूनपुसून लख्ख केलं होतं. पूजा संपत आली तेव्हा मी जरा लाडात येऊन म्हटलं की बाबा, एक फूल माझ्या मशीनलाही ठेवा.

"ता हत्यार नाय," बाबा म्हणाले. "हत्यार हातात धरुचा लागता. ह्या आपणच काम करता."

मला ते लागलं. लहानपणी दसऱ्याच्या दिवशी गिरणीत घरच्यांना आत सोडायचे. मी बाबांचं बोट धरून गेलो होतो. सगळ्या मागांना झेंडूचे हार, यंत्रांपुढे नारळ, आणि कामगार आंघोळ करून, पांढरे कपडे घालून हात जोडून उभे. बाबाही उभे होते. मी त्यांना ते सुनावलं. मालकाच्या यंत्रांना तुम्ही इतकी वर्षं हार घातलेत आणि पोराच्या मशीनला एक फूल जड झालं.

"घातले होते," ते म्हणाले. "काय झाला?"

एवढं बोलून त्यांनी आरतीचं तबक उचललं. मी मनात गाठ मारली की पुढच्या दसऱ्याला ह्या माणसाकडून ते फूल घ्यायचंच. वयाच्या बावन्नाव्या वर्षी बापाकडून शाबासकी मिळवायची हौस ही तशी हास्यास्पद गोष्ट आहे, पण होती. संध्याकाळी मी हत्यारांची बॅग माळ्यावर ठेवली. ती हलकी लागत होती. उचलून ठेवणाऱ्याच्या हे ध्यानात यायला हवं होतं.

ध्यानात यायला हव्या अशा आणखीही गोष्टी त्या वर्षात घडल्या.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी सोसायटीत तक्रार केली की अकराव्या मजल्यावरून दुपारी ठोकाठोक ऐकू येते आणि त्यांना झोप लागत नाही. सेक्रेटरीचं पत्र आलं. मी तावातावाने उत्तर लिहिलं की माझं मशीन ठोकाठोक करतच नाही, ते गुणगुणतं, आणि दुपारी तर मी आणि माझी पत्नी दोघंही कामावर असतो. उत्तर मुद्देसूद होतं. ऑफिसात वाचून दाखवलं तर सगळे हसले. चाळीत ही बाई आमच्याच मजल्यावर राहायची, तेव्हा बाबा पॅसेजमध्ये दिवसभर ठोकत बसायचे आणि तिचा नवरा शेजारी बसून विड्या ओढायचा, हेही मी त्यात घातलं होतं. घरात दुपारी कोण असतं, हा प्रश्न मला पडला नाही.

बायको रोज केर काढताना माझ्या नावाने बोटं मोडायची, की गॅलरीतला कचरा पार बाबांच्या कॉटखाली जातो. मी म्हणायचो, बारीक भुसा आहे, उडतो. माझ्या मशीनचा भुसा पिठासारखा पडतो आणि सगळाच्या सगळा व्हॅक्यूममध्ये जातो. ती झाडून काढत होती त्या ढलप्या होत्या, नखाएवढ्या, पिवळ्या. लाकडाचं काम करणाऱ्या माणसाने सुपलीत एकदा डोकावून बघायला काय हरकत होती?

भाद्रपदात बाबा चार दिवस माझ्या बहिणीकडे कल्याणला गेले. तेव्हा मला ती कल्पना सुचली. मी कॉटखालचं पोतं ओढलं. गोळा बाहेरून जुना, तपकिरी पडलेला होता. आतून मात्र खोलगट तासलेला होता आणि तो भाग पिवळाधमक होता. मला वाटलं, आई होती तेव्हाच आतही थोडं तासलं असेल. फणसाचं लाकूड कापलं की पिवळं दिसतं आणि काही महिन्यांत तपकिरी होत जातं, हे मला पाठ होतं. वाडगे बघायला येणाऱ्यांना मी ते स्वतः समजावून सांगायचो. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त पाकळ्या होत्या. आतले घाव उथळ, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले होते. एका बाजूला गाठ होती, तिच्या भोवतीने घाव वळवलेले होते. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांचा हात तेव्हाच गेला होता.

रजा टाकून मी दोन दिवस त्याच्यावर काम केलं. गोळा मशीनच्या टेबलावर जेमतेम बसला. कडेने पट्ट्या ठोकून घट्ट केला. पहिलं काम असतं पृष्ठभाग सपाट करण्याचं. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, परत येतं, आणि वर असलेलं सगळं खरडून काढतं. मग आतली खोली. मशीनला जुने घाव आणि नवे घाव कळत नाहीत, गाठ कळत नाही. मी चहाचा कप घेऊन काचेबाहेर बसून ते बघत होतो आणि मला अतिशय आनंद होत होता, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. घरभर फणसाच्या लाकडाचा गोडसर वास सुटला होता. शेवटी काठावर पाकळ्या कोरल्या, पॉलिश पेपर मारला, तेल दिलं. भुशाची पिशवी तोंड बांधून सोसायटीच्या कचऱ्यात टाकली.

बाबा आले त्या संध्याकाळी मी ती पाटावर ठेवून वर नॅपकिन घातला होता. बायकोने चहा केला. बाबांनी नॅपकिन काढून काठवट हातात घेतली. मग सवयीप्रमाणे उपडी केली. टकटक केली.

"तळ पातळ केलंस," ते म्हणाले. "ह्यात पीठ मळूक येवचा नाय."

मी म्हटलं, आता कोण काठवटीत पीठ मळतंय, आईची आठवण म्हणून आहे. त्यांनी ती सुलटी केली आणि आतून हात फिरवायला लागले. थरथरणारी बोटं एका जागी थांबली.

"हयसर गाठ होती."

हो, मी म्हटलं, मशीनने एकदम साफ काढली. अजूनही मी शाबासकीची वाट बघत होतो.

बाबांनी काठवट पाटावर ठेवली. "अजून धा-पंधरा दिसांचा काम होता माझा," ते म्हणाले.

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मी हसून म्हटलं की कसलं काम? ते उठले, कॉटवरची गादी उचलली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला वाकस आणि एक पटाशी काढून माझ्या हातात दिली. वाकसाच्या धारेला पिवळी ढलपी चिकटलेली होती. "माळ्यार ठेव," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्या दसऱ्यापासून, आम्ही दोघं कामावर गेलो की तो म्हातारा जमिनीवर बसून, पोत्यावर लाकूड पायांत धरून, एका थरथरणाऱ्या हाताला दुसऱ्या हाताने आवरत रोज चार-सहा घाव घालत होता. वेडेवाकडे घाव तेव्हाचे नव्हते, आत्ताचे होते. त्या गाठीपाशी त्यांनी किती दिवस घालवले असतील मला माहीत नाही. आम्ही यायच्या आत सगळं आवरून पोतं कॉटखाली सरकवायचे. आम्ही ओरडू म्हणून. ऐंशी पार केलेला माणूस आमच्या भीतीने हे लपवत होता.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मीच बोलले होते त्यांना," ती म्हणाली. "परात ओट्यावर सरकते, भाकरीचं पीठ नीट मळता येत नाही, असं. माझ्यासाठी करत होते ते." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही त्यात फुलं काढलीत." तिने हे पुन्हा कधी उच्चारलं नाही, पण एकदा बोलली ते पुरेसं होतं.

मी बाबांची माफी मागितली. तुला काय ठाऊक, असं ते म्हणाले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ठाऊक असायला हवं होतं, एवढीच तर गोष्ट होती. पत्र माझ्या नावाने आलं होतं, ढलप्या माझ्या घरात पडत होत्या, पिवळा रंग माझ्या हातात होता. मी बघितलं ते सगळं बापाचा हात गेला आहे असं एकदा ठरवून टाकल्यावर बघितलं.

त्या रविवारी रे रोडच्या वखारी पालथ्या घातल्या. तिथे परदेशातून आलेलं लाकूड हवं तेवढं मिळतं, फणस मिळत नाही. शेवटी एका भावकीतल्या माणसाला सांगून गावाहून ओंडका आणवला. बाबांपुढे ठेवला, वाकस शेजारी ठेवला, म्हटलं की दिवसभर ठोका, कोण काय म्हणतो ते मी बघतो. ते म्हणाले, ठेव.

मग दसरा आला. मी बॅग काढायला स्टुलावर चढलो तर बाबांनी खालूनच थांबवलं. "रवांदेत ती," म्हणाले. सकाळी लवकर आंघोळ करून त्यांनी पेटीतून काढलेला पांढरा सदरा घातला होता. पाट घेऊन ते गॅलरीत गेले. पाट मशीनपुढे मांडला, नारळ ठेवला, मशीनला कुंकू लावलं. कुंकवाचं बोट थरथरून दोनदा सरकलं. मग झेंडूचं एक फूल घेऊन पातं बसतं तिथे अलगद ठेवलं आणि गिरणीत उभे राहायचे तसे दोन्ही हात जोडून मागे सरून उभे राहिले.

"आता काम ह्याच करतला," ते म्हणाले. टोमणा नव्हता. वर्षभर मी ज्या फुलासाठी झुरलो ते मला मिळालं आणि ते उचलून फेकून द्यावं असं मला वाटत होतं. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

मशीन त्यानंतर मी चालू केलेलं नाही. विकूनही टाकलेलं नाही, कारण विकलं तर बाबांना ते समजूत घातल्यासारखं वाटेल. ऑफिसातून आलो की ते संडासात असताना मी कॉटखालचं पोतं थोडं उघडून बघतो. नव्या ओंडक्याची कापलेली बाजू आता तपकिरी होत चालली आहे. त्यावर एकही घाव नाही. रोज मला वाटतं, आज कुठेतरी नखाएवढं पिवळं दिसेल.

परवा लिफ्टमध्ये खालच्या बाई भेटल्या. एरवी त्या माझ्याशी बोलत नाहीत, त्या पत्रापासून तर नाहीच. पण त्या दिवशी आपण होऊन हसल्या आणि म्हणाल्या की रागावू नका, पण हल्ली दुपारी छान झोप लागते, तुम्ही मनावर घेतलंत, ठोकाठोक बंद केलीत, बरं वाटलं.

मी म्हटलं, हो, मीच बंद केली.